घड्याळाचा आकडा आणि बोटाखालची नाडी

तुम्ही लिहिलंय की वय ४५, पळायला लागून तीन महिने झाले, सकाळची नाडी ७८ वरून ६६ वर आली. पण पळताना घड्याळ १७८ दाखवतं आणि जास्तीत जास्त ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र लावलं तर येतात १७५. हृदयाला झेपत नाहीये का, अशी धास्ती वाटतेय.

आधी ते १७५ डोक्यातून काढा. हे सूत्र म्हणजे सरासरी आहे. त्याच वयाच्या धडधाकट माणसाचे कमाल ठोके १६५ही असू शकतात नि १८५ही. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) वयस्कांना जास्त लागू पडतं, पण तुमच्या वयाला दोन्हींत जेमतेम दीड ठोक्याचा फरक.

माझा खरा संशय घड्याळावर आहे. मीही फसलोय. आरामात गप्पा मारत पळत होतो आणि मनगटावर १७४! धाप लागलेली नसताना १७४? थांबलो, मनगटावर दोन बोटं ठेवली, १५ सेकंदांत ३४ ठोके. म्हणजे १३६. घड्याळाचा पट्टा सैल होता. हिरव्या उजेडाने त्वचेखालचं रक्त टिपणारं ते यंत्र हाताच्या हेलकाव्याला चकतं आणि ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतं. पळताना मिनिटाला १६०-१८० पावलं पडतातच. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. हाताने मोजताना अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी मध्ये लुडबुडते. आणि थांबल्या थांबल्या मोजा, कारण आकडा लगेच घसरायला लागतो.

खरी बातमी तर तुमच्या सकाळच्या नाडीत आहे. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुरतं. ७८ ठोक्यांत ते भागवायचं तर दर ठोक्याला ६४ मिली, ६६ ठोक्यांत ७६ मिली. म्हणजे हृदय एका दमात जास्त रक्त ढकलतंय. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोरही वाढतो. हृदयाचा कप्पा मोठा व्हायला मात्र वेळ लागतो.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे उतार. जोरात पळून झालं की एकदा मोजा, मिनिटभर हळू चाला, पुन्हा मोजा. सराव मुरला की हा उतार वाढत जातो. मिनिटात १२ ठोकेही उतरत नसतील, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

झोप कमी झाली, ताप येऊ घातला, पाणी कमी पडलं की सकाळची नाडी आठ-दहाने चढलेली सापडते. त्या दिवशी मी फक्त चालतो. बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर मात्र वरचे पळतानाचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, ठोके मुळात तितके चढतच नाहीत.

छातीत दाब, चक्कर, मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर पळणं थांबवून आधी ईसीजी. नसेल तर उद्या पट्टा आवळून पळा, थांबताच बोटांनी मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका. मग बोलू.