न्यू जर्सीत घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्टच्या रेटिंगला किती महत्त्व द्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी तीन वर्षांची, सध्या एडिसनच्या बाजूला भाड्याने राहता, आणि घर घ्यायचं आहे. शाळांना दहापैकी सात रेटिंग असलेल्या टाऊनमधलं एक घर दोघांनाही आवडलंय. साधारण तसंच घर दहा रेटिंगच्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हद्दीत) दीड लाख डॉलरनी महाग आहे. ऑफिसातले सगळे म्हणतात, ‘शाळेच्या बाबतीत तडजोड नको.’ मग काय करावं?

माझं मत: सातवालं घ्या. मात्र तो सात कशाचा बनलाय हे आधी पाहा, आणि घराचा पत्ता नक्की कुठल्या शाळेत पडतो हे त्या डिस्ट्रिक्टकडूनच कळू दे. मी मध्य जर्सीत बरीच वर्षं राहतोय, दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक, म्हणजे सरकारी, स्कूलमधून शिकून बाहेर पडली, त्यामुळे या विषयावर शनिवार-रविवारच्या जेवणावळींत जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून झालंय.

झिलो या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर घराखाली जो दहापैकी आकडा दिसतो तो ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो. त्यात हल्ली मुलांची प्रगती वगैरे घटक धरतात, पण परीक्षेतल्या गुणांचा वाटा अजूनही मोठा. आणि परीक्षेतले गुण बऱ्याच अंशी आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न यांच्या मागोमाग जातात. ज्या टाऊनमध्ये निम्मी घरं आयटीवाल्यांची आणि फार्मावाल्यांची, जिथे तिसरीपासून मुलं कुमॉन, रशियन मॅथ अशा शिकवण्यांना जातात, तिथल्या शाळेचे गुण चांगलेच येणार. त्यातलं शाळेचं किती आणि घरचं किती, हे तो आकडा सांगत नाही. तुमची मुलगी तुमच्याच घरात वाढणार आहे. ‘घरचा’ भाग ती सोबत घेऊनच शाळेत जाईल.

म्हणून आकडा पाहायचाच तर दुसरा पाहा. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, फुकट आणि सगळ्यांना खुला. त्यात ‘स्टुडंट ग्रोथ’ म्हणून एक भाग असतो. मूल आधी जिथे होतं तिथून, साधारण तशाच गुणांच्या राज्यातल्या इतर मुलांच्या तुलनेत, वर्षभरात किती पुढे गेलं याचा तो हिशोब. पन्नास म्हणजे मधोमध. शाळा मुलांना शिकवते की आधीच शिकलेली मुलं गोळा करते, हे ओळखायला याच्याइतकं सोपं साधन माझ्या माहितीत दुसरं नाही. सात रेटिंगच्या शाळेचा ग्रोथ सलग तीन-चार वर्षं साठीच्या आसपास असेल आणि दहावालीचा पंचेचाळीस, तर मी डोळे मिटून पहिली घेईन. त्याच रिपोर्टात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही दिलेलं असतं. तेही बघा.

रिअल्टरला, म्हणजे घरांच्या एजंटला, ‘इथली शाळा चांगली का हो?’ असं विचारून तो थेट बोलला नसेल तर राग मानू नका. 1968 च्या फेअर हाऊसिंग ॲक्टमुळे वंश, धर्म, मूळ देश वगैरे बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे. शाळेबद्दल दिलेलं मत आडून त्यातच मोडू शकतं, म्हणून शहाणा रिअल्टर ‘वेबसाइट बघा’ म्हणून मोकळा होतो. आपले देसी रिअल्टर मात्र कधीकधी भरभरून बोलतात, तो भाग वेगळा.

आता पैसे. पुण्या-ठाण्यात आपण शाळा निवडतो, फी भरतो आणि व्हॅन दारात येते. इथे शाळा पत्त्याला चिकटलेली. फी नाही म्हणतात, पण ती घराच्या किमतीत आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये बसलेली असते. न्यू जर्सीचं सरासरी वार्षिक बिल 2024 मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं. त्यातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो, उरलेला मुख्यतः टाऊनला आणि काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला. तुमच्या दीड लाखाचं गणित करू. वीस टक्के, म्हणजे तीस हजार, डाऊन पेमेंटमध्ये जादा गेले. उरलेल्या एक लाख वीस हजारांवर साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 760 डॉलर. टॅक्स सव्वादोन टक्के धरला तर आणखी 280. म्हणजे महिन्याला हजार डॉलरच्या वर, दर महिन्याला. मुलीची बारावी व्हायला चौदा-पंधरा वर्षं आहेत. एवढ्या पैशांत पोहणं, व्हायोलिन, उन्हाळ्यात आजीकडे भारतात जाणं आणि कॉलेजसाठी 529 नावाचं बचत खातं, असं बरंच काही बसतं. आणि हप्त्यासाठी दोघांपैकी एकाला न आवडणारी नोकरी धरून ठेवावी लागली, तर त्याची किंमत कुठल्याच वेबसाइटवर दिसत नाही.

‘पण विकताना पैसे परत येतात ना?’ येतात, बरेचसे. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1999 मध्ये बॉस्टनच्या उपनगरांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी तुलनेला घेतली, म्हणजे वस्ती तीच, टॅक्स तोच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे फरक खरा आहे, पण हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरं शेजारी ठेवून मोजला तर जेवणावळीत ऐकू येतो तेवढा अवाढव्य नाही. दहावाल्या टाऊनचे जास्तीचे पैसे नुसते शाळेचे नसतात. ट्रेन स्टेशन, मोठे प्लॉट, आणि ‘आपण तिथे राहतो’ हे सांगण्याचा मानही त्यात असतो.

हद्दीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच घाईत सही करतात. एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एक पण हायस्कूलं दोन, उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेला एडिसन हाय. हे तुम्हाला तिथे राहून माहीतच असेल. घराच्या जाहिरातीत ‘जेपी’ ही दोन अक्षरं उगाच नसतात. प्रिन्स्टनचा घोळ याहून भारी. पाकिटावर ‘प्रिन्स्टन 08540’ लिहिलेलं घर प्रत्यक्षात प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, साऊथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्समध्ये असू शकतं. पोस्टाचा पिनकोड आणि शाळेची हद्द यांचा काही संबंध नाही. उलट क्रॅनबरीचं टाऊन वेगळं, काउंटीसुद्धा वेगळी, पण आठवीनंतर तिथली मुलं प्रिन्स्टन हायस्कूललाच जातात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा एकच डिस्ट्रिक्ट, पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. त्यामुळे एडिसनमधल्या मिडलसेक्स काउंटी अकादमी या काउंटीच्या हायस्कूलसाठी आठवीत अर्ज करता येतो तो प्लेन्सबरोच्या मुलाला. त्याच वर्गातल्या वेस्ट विंडसरच्या मित्राला नाही.

यावर उपाय साधा आहे. जाहिरातीतला शाळेचा रकाना सोडून द्या आणि टॅक्स रेकॉर्डमध्ये म्युनिसिपालिटी कुठली लिहिली आहे ते पाहा. मग डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करून पूर्ण घर नंबर सांगा. नुसतं रस्त्याचं नाव पुरत नाही, कधीकधी रस्ता मधूनच कापलेला असतो. उत्तर ईमेलवर मागा. सोबत विचारा की हद्दी बदलण्याची चर्चा आहे का, आणि बस मिळेल का. इथल्या नियमाने आठवीपर्यंत दोन मैलांहून आणि हायस्कूलला अडीच मैलांहून दूर राहणाऱ्यांना बस द्यावीच लागते. त्याच्या आत असाल तर डिस्ट्रिक्टची मर्जी. पावणेदोन मैलांवर, फुटपाथ नसलेल्या रस्त्याशेजारी घर असेल तर सकाळी कोण सोडणार, हे आजच ठरवा.

हद्द म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. नवी टाउनहाऊसं उभी राहिली, एखादी शाळा भरून वाहू लागली की डिस्ट्रिक्टचं बोर्ड नकाशा पुन्हा आखतं. आमच्या टाऊनमध्ये (नाव लिहीत नाही) अशा एका सभेला मी गेलो होतो. कॅफेटेरियात पाय ठेवायला जागा नाही, भिंतीवर रंगीत नकाशा, आणि एका गृहस्थांनी माइकवर येऊन घराचा खरेदीचा कागद हवेत फडकवला: ‘मी या शाळेचे पैसे मोजलेत!’ बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे सांगितलं की घर तुमचं आहे, शाळेची जागा डिस्ट्रिक्ट ठरवतं. म्हणून मी म्हणतो, डिस्ट्रिक्टमधली एकच शाळा चांगली आणि बाकीच्या ओढूनताणून, असं असेल तर त्या एका शाळेसाठी पैसे घालू नका. सगळ्या शाळा बऱ्या असतील तर नकाशा बदलला तरी तुमची झोप उडणार नाही.

दहा रेटिंगची दुसरी बाजूही ऐका. 2015 मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. आदल्या वर्षी 120 मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि 40 मुलांना हॉस्पिटलमध्ये. त्यांनी सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या, गृहपाठाविना काही रात्री ठेवल्या. त्यावरून पालकांत उभी फूट पडली, आणि बदलाला विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई पालक पुष्कळ होते. डिस्ट्रिक्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथून शिकलेली गुणी आणि आनंदी मुलं मला माहीत आहेत. पण जिथे सगळेच पहिले येण्यासाठी धावतात तिथे मधल्या मुलाला आपण ढ आहोत असं वाटू लागतं. तुमची लेक तीन वर्षांची आहे. ती कुठल्या पठडीतली निघेल, हे आज तुम्हालाही ठाऊक नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत उलटं होईल. मुलीला बोलायला उशीर होतोय किंवा आणखी कसली विशेष गरज दिसतेय, तर रेटिंग बाजूला ठेवा आणि डिस्ट्रिक्टचा स्पेशल एज्युकेशन विभाग कसा आहे हे त्या वाटेने गेलेल्या पालकांना विचारा. तो उत्तम असेल तर दीड लाख जास्त मोजणंही मला पटेल. तिसऱ्या वर्षापासून तपासणी आणि सेवा फुकट देणं हे डिस्ट्रिक्टचं कायदेशीर काम आहे, पण ते मन लावून करणारे आणि टाळाटाळ करणारे, दोन्ही प्रकार आहेत.

ऑफर मान्य होऊन दोन्हीकडच्या सह्या झाल्या की न्यू जर्सीत कामाच्या तीन दिवसांचा ॲटर्नी रिव्ह्यू मिळतो. त्या मुदतीत तुमचा वकील करार रद्द करू शकतो. रजिस्ट्रेशन ऑफिसचा ईमेल तोवर हातात हवा. शाळांची ऑफिसं उन्हाळ्यात कमी वेळ उघडी असतात, तेव्हा जुलैमध्ये घर बघत असाल तर ऑफर देण्याआधीच फोन लावा.