पंधरा हजारांत एएसएमआर : आधी खोली, मग माइक

ताई, आपला प्रश्न मला समजला तो असा : पांढरकवड्याजवळच्या गावात पत्र्याचे घर, हातात साधा अँड्रॉइड फोन आणि पंधरा हजार रुपयांची तयारी. रात्री झोप लागावी म्हणून आपण एएसएमआर, म्हणजे अंगावर सुखद शिरशिरी आणणारे कुजबुजीसारखे हळू आवाज, ऐकता. आता मराठीतील कुजबूज, सुपात पाखडलेले तांदूळ, वेचलेला कापूस, बांगड्या हे आवाज स्वतः टिपावेत असे आपल्या मनात आहे. त्यासाठी व्हिडिओंत दिसतो तसा टेबलावर उभा राहणारा यूएसबी माइक घ्यावा का, हेडफोन कोणता घ्यावा, आणि ‘हे काय नवीन खूळ’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. डोक्याच्या मागून मानेकडे उतरणाऱ्या त्या सुखद शिरशिरीला २०१० साली जेनिफर ॲलन यांनी एएसएमआर हे नाव दिले. पुढे २०१८ साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही शिरशिरी जाणवणाऱ्यांच्या नाडीचे ठोके असे व्हिडिओ पाहताना, न जाणवणाऱ्यांच्या तुलनेत, मिनिटाला सरासरी तीनांनी कमी झालेले आढळले. ती सर्वांनाच जाणवते असे नाही, त्यामुळे घरातील एखाद्याला काहीच वाटले नाही तर वाद घालू नये.

आता मुख्य मुद्दा. मी आर्वीकडच्या एका खेड्यात शेती सांभाळून सात वर्षांपासून हा उद्योग करीत आहे. माझे स्पष्ट मत असे की तो यूएसबी माइक आपण सध्या घेऊ नये. मी नेमकी तीच चूक केली होती. शहरातील एका दुकानातून मोठ्या हौसेने असा माइक आणला आणि पहिल्याच रात्री कुजबूज रेकॉर्ड करून ऐकली, तर तिच्यामागे दुधाच्या गंजात उकळी फुटावी तशी अखंड सळसळ ऐकू येत होती. बातम्या वाचण्यासाठी किंवा पॉडकास्टसाठी तो माइक उत्तम होता, दोष त्याचा नव्हता. मी त्याच्याकडून भलतेच काम करून घेत होतो.

ही सळसळ म्हणजे माइकचा स्वतःचा आवाज, ज्याला सेल्फ नॉइज म्हणतात. समोर काहीही वाजत नसताना माइकचे अंतर्गत सर्किट जो आवाज निर्माण करते तो हा. माणसाची कुजबूज एक मीटरवरून साधारण ३० डेसिबल भरते. फोनमधील माइकचा स्वतःचा आवाजही बहुधा तेवढ्याच पातळीचा असतो, म्हणजे कुजबूज आणि सळसळ एकाच उंचीवर येतात आणि आवाज वाढवला की दोन्ही बरोबरीने वाढतात. याउलट रोड कंपनीच्या एनटी-१ या स्टुडिओ माइकचा स्वतःचा आवाज अवघा ४ ते ४.५ डेसिबल आहे आणि एएसएमआर करणाऱ्यांत तो प्रिय असण्याचे खरे कारण हेच आहे. परंतु तो एका बाजूचाच आवाज टिपतो, म्हणून डावा-उजवा परिणाम हवा असेल तर दोन घ्यावे लागतात, आणि मग आपले बजेट पार कोलमडते. दुकानदार सेल्फ नॉइजचा आकडा सांगत नाहीत, खोक्यावरही तो बहुधा नसतो, पण सिग्नल-टू-नॉइज (म्हणजे मूळ आवाज आणि सळसळ यांतील फरक) असा आकडा छापलेला असेल तर तो ९४ मधून वजा करावा : ७४ छापले असेल तर स्वतःचा आवाज २० डेसिबल, ८० छापले असेल तर १४. आपल्या कामासाठी १५ च्या खालचा माइक उत्तम, २० पर्यंतचा चालवून घेता येतो, आणि जिथे कोणताच आकडा दिलेला नाही तिथे खिशात हात घालू नये.

अंतराने या हिशेबात मोठा फरक पडतो. अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, त्यामुळे एक मीटरवरून साडेबारा सेंटिमीटरवर आल्यास, म्हणजे तीन वेळा निम्मे केल्यास, फुकटात १८ डेसिबल मिळतात. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा मध्यम माइक टिचभर अंतरावर ठेवलेला बरा.

खोलीबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खेड्यात शांतता फुकट मिळते असा आपल्या प्रश्नाचा सूर आहे आणि तो निम्माच खरा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना कूलर बंद करून कोणी पाच मिनिटेही बसू शकत नाही. संध्याकाळी पत्रा थंड होऊ लागला की तो आकसताना टणटण वाजतो. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरी आणि नंतरचे रातकिडे असतात. त्यांचा आवाज इतका उंच पट्टीचा असतो की तो कापायला गेल्यास कुजबुजीतला स, श आणि च यांचा गोडवाही कापला जातो. हिवाळ्यात सर्व शांत होते, पण त्याच वेळी हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी रात्रपाळीची लाईन (वीज) येते आणि वावरातल्या मोटारींची घरघर भिंतींतून शिरते. म्हणून लाईन दिवसाची असलेल्या आठवड्यात, मध्यरात्र उलटल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काम उरकून वर्षभराचा साठा करावा, हा माझा क्रम आहे.

आणि खोली कोणती, तर कापसाची. दिवाळीनंतर वेचून आणलेला कापूस भाव येईपर्यंत ज्या कोठीत आपण भरून ठेवतो, तिच्याइतकी उत्तम ध्वनिशोषक खोली शहरातले लोक हजारो रुपये खर्चून बनवतात. भिंतीवर लावलेला इंचभर फोम किंवा टांगलेली गोधडी केवळ उंच पट्टीचे आवाज शोषते, कारण शोषक थराची जाडी त्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या पाव हिश्शाच्या आसपास असावी लागते. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) घरघरीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे पाव हिस्सा ८५ सेंटिमीटर भरतो. एवढ्या जाडीची गादी कोणाकडेच नसते, पण कापसाचा ढीग सहज तेवढा खोल असतो. त्या कोठीत टाळी वाजवून पाहा : पत्र्याच्या खोलीत टाळीमागून झणझण असा धातूचा पडसाद येतो, तर इथे टाळी जागच्या जागी विझते. दोन अडचणी आहेत. कापसाजवळ तासभर बसल्यास अंगाला खाज सुटते, म्हणून लांब बाह्यांचे कपडे घालावेत. आणि आगीची भीती असल्याने तिथे बल्बची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर यांपैकी काहीही नेऊ नये. आपल्याकडे या वर्षी कापूस नसेल तर धान्याच्या पोत्यांची खोली घ्या, मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करा, आणि पत्र्याखाली जुने बारदान ताणून बांधा. दाणेदार पोत्यांना कापसाची सर येत नाही, तरी उघड्या भिंतींपेक्षा ती कितीतरी बरी.

वायर नको, या एकाच अटीने यंत्राची निवड जवळपास ठरून जाते. शिवाय गावात अर्थिंग धड नसते. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केल्यास ५० हर्ट्झचा गुणगुणाट आणि त्याचे १००, १५० असे भाईबंद हमखास आत येतात. म्हणून माझी शिफारस सेलवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या स्टिरिओ रेकॉर्डरची आहे. टास्कॅम डीआर-०५एक्स दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याचे दोन्ही माइक सर्व दिशांनी ऐकणारे आहेत. झूम एच-१एन अधिक बारीक सेलवर चालतो आणि त्याचे माइक एकमेकांना ९० अंशांत तिरके आहेत. आपल्यासाठी मी पहिला सुचवीन. झूमसारख्या दिशादर्शी, म्हणजे एका बाजूचाच आवाज टिपणाऱ्या, माइकच्या फार जवळ बोलल्यास खर्ज अकारण फुगतो. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकला ही खोड नसते. दोन्ही रेकॉर्डरांत बाहेरून माइक जोडण्याची खाच आहे, तिच्यातून लहान कॅप्सूलला (सुट्या, बारीक माइकला) लागणारी वीजही मिळते, आणि पुढची पायरी तीच आहे. रेकॉर्डरमधील माइक जवळच्या आवाजांना पुरतात, पण कुजबुजीच्या मागे थोडी सळसळ राहतेच. पुढील वर्षी पैसे साठले की प्रायमो कंपनीच्या ईएम-२७२ सारख्या, १४ डेसिबल सेल्फ नॉइज असलेल्या कॅप्सूलची तयार जोडी त्यालाच जोडता येईल.

जोडी मिळाली की महागड्या कृत्रिम डोक्याची, म्हणजे कानांच्या जागी माइक बसवलेल्या डोक्याच्या आकाराच्या यंत्राची, गरज उरत नाही. जर्मनीतील नॉयमन कंपनीचे केयू-१०० हे डोके स्टुडिओत वापरतात, आणि थ्रीडिओ कंपनीचे, आत माइक असलेले सिलिकॉनचे कान आपण व्हिडिओंत पाहिलेच असतील. दोन कानांमध्ये आवाज पोहोचण्यातील फरक, जो जास्तीत जास्त सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाएवढा असतो, आणि डोक्याआड पडणारी आवाजाची सावली, यांवरून मेंदू दिशा ओळखतो. स्विस ध्वनितज्ज्ञ युर्ग येक्लिन यांनी हेच काम एका चकतीवर भागवले : ३० सेंटिमीटर व्यासाची, दोन्ही अंगांनी मऊ आवरण घातलेली चकती आणि तिच्या दोन बाजूंना एकमेकांपासून साडेसोळा सेंटिमीटरवर दोन माइक. आमच्या सुताराने प्लायवूडची चकती कापून दिली, वरचे अस्तर घरच्या कापसाचे, आणि सुपात तांदूळ पाखडताना दाणे डावीकडून उजवीकडे सरकतात ते त्यावर डोळे मिटून दाखवता येते. (कुंभाराकडून मातीचे कानही करून घेतले होते. दिशा बऱ्यापैकी कळायची, पण बोट फिरवले की कानाऐवजी माठ खरवडल्यासारखे वाटायचे.)

तोपर्यंत फोनचाच वापर करायचा असेल तर एवढे ध्यानात असू द्या. फोनवरील अनेक रेकॉर्डर संथ, बारीक आवाजाला गोंगाट समजून पुसून टाकतात, आणि एएसएमआर म्हणजे तर संथ, बारीक आवाजच. अँड्रॉइड ७ पासून प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय आहे; ती देणारे आणि वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) साठवणारे ॲप वापरावे.

रेकॉर्डर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आपोआप पातळी बदलणारी सोय बंद करा, आणि रेकॉर्डरच्या पट्टीवर, जिथे शून्य म्हणजे कमाल पातळी, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बोलताना तोंड माइकच्या अगदी समोर न ठेवता थोडे बाजूला ठेवावे, कारण मराठीतील ख, घ, फ, भ, ध ही महाप्राण व्यंजने श्वासाचा झोत घेऊनच बाहेर पडतात आणि कुजबुजताना तो झोत थेट माइकवर आदळतो. आणखी एक गंमत अशी की कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे प आणि ब, त आणि द यांतील भेद पुसट होतो. संहितेत अशा शब्दांची गर्दी टाळलेली बरी. नंतर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा आणि गोंगाट कमी करण्याची सोय ६ डेसिबलपर्यंतच वापरावी. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. यूट्यूब मोठा आवाज खाली आणते, पण हळू आवाज वर नेत नाही, म्हणून पातळी आपणच वाढवून द्यावी.

हेडफोन दोन कामांसाठी दोन वेगळे लागतात. रेकॉर्डिंग तपासायला वायरचा, कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्यावा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स आपल्या बजेटमध्ये बसेल. ताणून खर्च करता आला तर सोनीचा एमडीआर-७५०६, जो १९९१ पासून स्टुडिओंत टिकून आहे. झोपताना मात्र असा हेडफोन कुशीवर वळू देत नाही, आणि वैशाखात त्याच्या गाद्या घामाने चिकटतात. त्यासाठी कानाच्या नळीत घट्ट बसणारे, वायरचे साधे इअरफोन पुरेसे आहेत. आवाज कापणारे ब्लूटूथ इअरफोन कूलरच्या सलग घरघरीवर खरोखर गुणकारी ठरतात, पण स्वस्त संचांत त्यांची स्वतःचीच सळसळ असते, तेव्हा परत करण्याची मुदत असेल तरच घ्यावेत. ऐकताना फोनमधील मोनो ऑडिओ आणि आभासी सराउंड या दोन्ही सोयी बंद असाव्यात. आवाज वाढवून झोपी जाऊ नये : जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. एएसएमआर स्वतः हळू असते, मध्येच येणारी जाहिरात मात्र हळू नसते. म्हणून रात्रीसाठी फाइल डाउनलोड करून ठेवलेली बरी.

रेकॉर्डर हाती आला की परतीची मुदत संपण्यापूर्वी एक चाचणी करा. टिचभर अंतरावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासा, ते ३० सेकंद रेकॉर्ड करा, पुढचे ३० सेकंद काहीही करू नका, आणि बोटांची खसखस सुखाने ऐकू येईपर्यंत हेडफोनवर आवाज वाढवा. त्या पातळीवर नंतरच्या शांततेत सळसळ टोचत असेल तर यंत्र परत पाठवा. पावसाळ्यात रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा, नाहीतर दमट हवेने माइक तडतडू लागतात. खरेदीपूर्वी मात्र आपल्या घरातील दोन-तीन खोल्यांत रात्री फोनवरच टाळीचे आणि शांततेचे रेकॉर्डिंग करून मला पाठवा. कोठी की पत्र्याची खोली, हे त्यावरून सांगता येईल.