एन्झाइम बनवायला बॅक्टेरिया सोडून बुरशी का वापरतात?

ई. कोलाय हा बॅक्टेरिया हाताळायला इतका सोपा, तरी कंपन्या परकं जनुक बुरशीत का घालतात, हा तुमचा प्रश्न. मुख्य कारण एकच, एन्झाइम म्हणजे प्रथिनच, आणि बुरशी प्रथिन बाहेर सोडते.

पावसाळ्यात आमच्या यवतमाळकडे बांधावर राहिलेल्या पऱ्हाटीच्या ढिगातली तळची काडी उचलून बघा. पांढरी जाळी दिसेल, आणि काडी दाबली की भुसभुशीत तुटेल. बुरशीला तोंड नाही. ती एन्झाइम बाहेर टाकते, काडी बाहेरच पचवते, मग शोषते.

कंपन्या वापरतात ती ट्रायकोडर्मा रीसेई ही बुरशी म्हणजे आपण तुरीच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळतो त्या ट्रायकोडर्माची बहीणच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड कुजवताना ती सापडली. कापूस खाणारी बुरशी, म्हणून मला तिचं फार अप्रूप! सुधारित वाण टाकीत लिटरमागे 100 ग्रॅमपर्यंत प्रथिन सोडतात. सेल्युलेज म्हणजे कापूस-काडी पचवणारं तिचं एन्झाइम; त्याच्या जनुकाच्या जोरदार प्रमोटरला, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, हवं ते जनुक जोडायचं. पेशी फोडावी लागत नाही, गाळलं की एन्झाइम द्रवात. ई. कोलायमध्ये बरेचदा प्रथिनाच्या गुठळ्याच होतात.

कपडे धुण्याच्या पावडरीतलं लायपेज, म्हणजे तेलकट डाग तोडणारं एन्झाइम, 1988 साली असंच आलं, एका बुरशीचं जनुक ॲस्परजिलस ओरायझी या दुसऱ्या बुरशीत घालून.

त्रासही आहे. बुरशीचे स्वतःचे प्रोटिएज, म्हणजे प्रथिन तोडणारी एन्झाइम, परकं प्रथिन तोडतात, म्हणून त्यांची जनुकं आधी काढतात. शिवाय धागे वाढले की टाकीतला द्रव पिठल्यासारखा घट्ट होतो आणि ऑक्सिजन सगळीकडे पोचवताना वीज भरपूर जाते.