मक्ता, ठेका आणि बसचे किलोमीटर

प्रश्न असा आला आहे : ‘शहर बससेवेच्या बातम्यांत “पालिकेने निविदा भरली”, “अमुक कंपनीला विजेच्या बसचा मक्ता मिळाला”, “उलटा लिलाव झाला” अशी वाक्यं वाचतो. निविदा नेमकी कोणाची, सरकारची की कंपनीची? आणि मक्ता म्हणावं का?’

निविदा कंपनीची. सरकार ती मागवतं, कंपनी भरते. सरकार छापतं ती निविदा सूचना. ‘निविदा काढली’ हे त्या सूचनेचं आखूड रूप, ते आता चालून गेलंय आणि मी त्याच्या वाटेला जात नाही. पण ‘पालिकेने निविदा भरली’ म्हणजे पालिकाच कुणाला तरी बस विकायला निघाली, असा अर्थ होतो. गोंधळ टाळायचा असेल तर सरकारी कागदांत एक सुरेख शब्द पडून आहे : ‘देकार’. सूचना सरकारची, देकार कंपनीचा. निविदा, निवेदन आणि नैवेद्य एकाच धातूचे, यावरचा विनोद प्रत्येक कंत्राटदाराच्या हाफिसात होऊन गेलेला आहे; तो इथं नको.

‘उलटा लिलाव’ बरोबर. लिलावात भाव चढलाच पाहिजे, असं एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी मध्यंतरी ठणकावून लिहिलं होतं. का चढला पाहिजे? शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्याकडे अरबीतून गेला, आणि मुळात त्याचा संबंध जाहीर पुकाऱ्याशी आहे. पुकारा वर जाईल किंवा खाली येईल. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतही इलेक्ट्रॉनिक उलट्या लिलावाची सोय आहे. तिथं बोलीदार पडद्यावर एकमेकांचे भाव बघत आपला भाव उतरवत नेतात. तोही लिलावच.

आता मक्ता. गेली काही वर्षं हा शब्द बसच्या बातमीत दिसला की माझं डोकं फिरतं.

मक्ता अरबी आहे. ‘मक्ता हा मुक्त या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश, सरकारनं मोकळी सोडलेली बाब म्हणजे मक्ता’ ही व्युत्पत्ती दर दोनचार वर्षांनी कुणीतरी नव्या उत्साहानं मांडतं. ती मांडणाऱ्यांनी फक्त शब्दाच्या शेवटाकडे बघावं. अरबी शब्दाच्या शेवटी घशातला ‘ऐन’ असला की मराठीत त्याचा ‘आ’ होतो : जमा, मना, नफा. मक्ता त्याच रांगेतला. धातू ‘काफ-तोय-ऐन’, अर्थ कापणे, तोडणे. रक्कम एकदा तोडून ठरवली, मग त्यात घट नाही की वाढ नाही. ती तोडलेली रक्कम म्हणजे मक्ता. आपण आजही ‘भाव तोडून घेतला’ म्हणतोच की! याच धातूवरून दिल्लीच्या सुलतानांची ‘इक्ता’ आली, म्हणजे सरदाराला तोडून दिलेला जमिनीचा महसूल. उस्मानी तुर्कांचा ‘मुकाता’ आला, म्हणजे ठरीव रकमेवर लावून दिलेली महसुलाची बाब. हैदराबादेत राजभवनाजवळच्या एम. एस. मक्ता या वस्तीचं नावही मला याच घराण्यातलं वाटतं.

आणि गझल! गझलेचा पहिला शेर मतला, शेवटचा मक्ता; कवी आपलं टोपणनाव गुंफतो तो. तो हाच शब्द, कारण तिथं गझल तोडली जाते. ताडीचा मक्ता घेणारा आणि मुशायऱ्यात मक्ता म्हणणारा एकाच धातूवर पोट भरतात. थांबा, अजून एक आहे. ‘कित्ता’. मुलांनी गिरवायचा. अरबी ‘कित्आ’ म्हणजे तुकडा. सुलेखनकार नमुन्यादाखल लिहायचे तो कागदाचा तुकडा. कित्ता आणि मक्ता सख्खी भावंडं आहेत हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

असो, बस. मक्त्यात पैसा कुठून कुठं जातो ते बघा. जकात होती तेव्हा तिचा मक्ता घेणारा सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा आणि जकात स्वतः गोळा करायचा. जास्त जमली तर त्याची, कमी जमली तर खड्डाही त्याचाच. मक्तेदार सरकारला देतो, सरकारकडून घेत नाही. शब्दाचं हे हाड आहे, ते मोडून चालत नाही.

बसच्या व्यवहारात याला तंतोतंत जुळणारी एक पद्धत आहे, आणि तिला बिचारीला कुणी मक्ता म्हणत नाही. इंग्रजीत ‘नेट कॉस्ट’ म्हणतात. गाडी चालवणारा तिकिटाचे पैसे स्वतः ठेवतो आणि मार्गाच्या हक्कापोटी शहराला ठरीव रक्कम भरतो. होळकरांच्या इंदुरात २००६मध्ये नवी शहर बससेवा सुरू झाली ती अशीच. हा मक्ता. अस्सल.

आज विजेच्या बस ज्या पद्धतीनं घेतल्या जातात ती ‘ग्रॉस कॉस्ट’, बरोब्बर उलटी. तिकिटाचे पैसे शहराचे. कंपनीला दर किलोमीटरमागे ठरलेला दर. बस खच्चून भरलेली असो की कंडक्टर आणि ड्रायव्हर दोघेच असोत, दर तोच. २०२२मध्ये केंद्राच्या अखत्यारीतल्या सीईएसएल या कंपनीनं कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत अशा पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्र निविदा मागवली. तिथं १२ मीटरच्या बससाठी सर्वांत कमी देकार किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे आला. हा कंपनीनं द्यायचा आकडा नव्हे, तिनं घ्यायचा. मुंबईत ‘बेस्ट’च्या वेट लीजच्या गाड्याही याच जातीच्या : गाडी, ड्रायव्हर, देखभाल कंत्राटदाराची, तिकीट बेस्टचं. २०१९मध्ये बेस्टचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५वर आलं, मे २०२५मध्ये ते १० झालं. या चढउताराचा नफातोटा बेस्टच्या गल्ल्यात. मक्ता असता तर पहिल्या दिवशी मक्तेदार रस्त्यावर बसला असता आणि दुसऱ्या वेळी त्यानं पेढे वाटले असते.

इथं धोका पालटतो तो शब्दातही दिसला पाहिजे. मक्त्यात सरकारला भीती, मक्तेदार रक्कम बुडवेल. किलोमीटरच्या पद्धतीत कंपनीला भीती, शहर बिलं थकवेल. म्हणून तर केंद्राला २०२४मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची, कंपन्यांची बिलं सुरक्षित करणारी योजना आणावी लागली. मक्तेदाराची थकबाकी फेडायला सरकार जामीन राहिलं, असं वाक्य जुन्या मराठीत ठेवलं तर लोक हसतील.

मग या दुसऱ्या पद्धतीला म्हणायचं काय? कंत्राट म्हणा, काही बिघडत नाही, पण कंत्राट ही मोठी गोणी आहे, सगळंच तिच्यात मावतं. माझी सूचना ‘ठेका’. हे मत कोशांतलं नाही, माझं आहे. ठेका, टेकणे, टेकू एकाच कुळातले. तबल्याचा ठेका आठवा. तीनतालाच्या सोळा मात्रा. गवयानं वर काहीही करावं, ठेका आपल्या जागी, आवर्तनामागून आवर्तन. तान जमली म्हणून तबलजी सतरावी मात्रा देत नाही, फसली म्हणून पंधरावर थांबत नाही. दर किलोमीटरला ठरलेला दर, प्रवासी येवोत न येवोत : हा ठेका नाही तर काय? विदर्भ-खानदेशात ठेकेदार हा शब्द आधीपासून घरचा आहे, आयात करावा लागत नाही. ‘ठेका हिंदी, तो नको, संविदा म्हणा’ असं सांगणारे शुद्धीवाले ‘संविदा’ कुठून उचलतात? हिंदी सरकारी कागदांतूनच. मग ठेक्यानं काय घोडं मारलं?

शब्दांवर इतकं काय भांडायचं म्हणणाऱ्यांसाठी एक खटला सांगतो. नागपूर मेट्रोच्या एका कामाच्या निविदेत अनुभवाची अट होती : ‘मेट्रोचं स्थापत्यकाम’. एका बोलीदार गटातल्या चिनी कंपनीचा अनुभव होता दोन शहरांना जोडणाऱ्या, आंतरशहरी अतिजलद रेल्वेचा. ती मेट्रो धरायची की नाही? मेट्रो कंपनी म्हणाली नाही, उच्च न्यायालय म्हणालं हो. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेट्रो कंपनीचं खरं धरलं : निविदेचा मजकूर ज्यानं लिहिला, त्याचा अर्थ त्यालाच सर्वांत चांगला कळतो, आणि वाचन अगदीच मनमानी नसेल तर कोर्टानं त्यात हात घालू नये. शेकडो कोटींचं काम, आणि ते अडलं होतं एका शब्दाच्या व्याप्तीवर.

आणि निविदांच्या कागदांतला ‘प्रतिसादात्मक निविदाकार’ हा राक्षस! ‘रिस्पॉन्सिव्ह’चं शब्दशः भाषांतर. अर्थ इतकाच की देकार अटींत बसतो. ‘बेस्ट’नं २०२२मध्ये १,४०० विजेच्या बस मागवल्या तेव्हा एका चार्जिंगमध्ये २०० किलोमीटरची अट होती. टाटा मोटर्सचा देकार त्या अटीत बसत नाही म्हणून बाद झाला, आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. टाटांनी प्रतिसाद दिला नव्हता का? चांगला जाडजूड दिला होता. बसत नव्हता, एवढंच.

मराठवाड्यातले वाचक आता विचारतील, आमचा ‘गुत्तेदार’ कुठं? तो द्राविडी आहे. कन्नडात गुत्तिगे, तेलुगूत गुत्त. ‘गुप्त’वरून गुत्ता, कारण व्यवहार गुपचूप होतो, ही व्युत्पत्ती चहाच्या टपरीवर ठेवावी. ‘उक्तं काम’ मात्र संस्कृत ‘उक्त’वरूनच : तोंडी बोलून ठरवलेलं, सगळं मिळून एका रकमेचं. तिथं माझा कुणाशी वाद नाही.