स्वप्न आणि जाग यांच्या सीमेवरचं चित्र कसं काढावं?

झोप लागता लागता दिसलेलं दृश्य कागदावर येईपर्यंत विरून जातं आणि रंगवल्यावर सगळं नुसतं धुक्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. या दोन अडचणी वेगळ्या आहेत.

आधी दृश्य पकडण्याचं. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने १९४८च्या पुस्तकात सांगितलेली युक्ती आजही उपयोगी आहे. खुर्चीत मागे टेकून बसायचं, हात बाहेर लोंबता ठेवायचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जड किल्ली धरायची आणि बरोबर खाली थाळी पालथी ठेवायची. डोळा लागताच चिमूट सैल होते, किल्ली थाळीवर खणकते आणि जाग येते. आडवं पडू नका, गाढ झोप लागेल. किल्ली मुठीत आवळली तर ती वेळेवर सुटत नाही. जाग आल्यावर लगेच हलू नका. शेवटचं दृश्य क्षणभर धरून ठेवा, मग मिनिटभरात तळहाताएवढं रेखाटन करा. उजेड कुठून येत होता आणि अगदी जवळ काय होतं, एवढं लिहून ठेवा. जे आठवत नाही ती जागा कोरी सोडा. बहुतेक जण इथेच चुकतात: मन लगेच गोष्ट रचायला लागतं आणि मूळ दृश्य त्याखाली गाडलं जातं.

जागेपणीच्या दिवास्वप्नात तर आपण गोष्ट हवी तशी वळवतच असतो. तिथे चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५मध्ये सुरू केलेलं घर्षणचित्र बरं. खरखरीत लाकडावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेल्या रेषांत आकार शोधायचे. जाड कागदावर रेषा उमटत नाहीत.

आता धुक्याबद्दल. स्वप्न चालू असताना ते आपल्याला खरंच वाटत असतं, म्हणून चित्रही खरं वाटलं पाहिजे. वस्तू, पोत, सावल्या चोख रंगवा आणि नियम एकच मोडा. बेल्जियन चित्रकार रने माग्रीतने रात्रीच्या रस्त्यावर दिवसाचं आकाश रंगवलं. रस्ताही पटतो, आकाशही पटतं, म्हणूनच बघणारा अस्वस्थ होतो. आकार, सावली, जागा असं सगळंच एकदम बदललं की ती परीकथा होते.

सर्वांत जास्त वेळ दोन वेगळ्या गोष्टी जिथे जुळतात त्या सांध्याला द्या. समजा टेबलाच्या कडेपासून समुद्र सुरू होतोय. कडेपाशी लाकूड आणि पाणी यांचा गडदपणा सारखा ठेवा, रंग वेगळे असले तरी चालतील. जलरंगात तिथे बोटभर रुंदीचा पट्टा आधी स्वच्छ पाण्याने ओला करून दोन्हीकडून रंग सोडा. कागदावर पाणी साचलेलं असेल तर रंग पसरून डाग पडतात, म्हणून पाण्याची चमक जराशी उतरू द्या. मग डोळे किलकिले करून बघा. कड अजून दिसत असेल तर दोन्ही बाजूंपैकी जी फिकी आहे ती थोडी गडद करा.