वेळ किती आली?

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. जिल्ह्यात पहिला, विभागात पहिला आणि बालेवाडीला राज्य स्पर्धेत हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर. "सर, मग मी नेमका कोणत्या लेव्हलचा?" एवढा लांबलचक मेसेज, पण शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची तुझी वेळ त्यात कुठेच नाही. राग आला तो त्याचाच.

तुझी दोन गोष्टींत गल्लत होते आहे. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग, राज्य अशा वर जातात, आणि तिथे नंबर आला की पुढे. राज्याच्या जलतरण असोसिएशनचं वेगळं. तिथे राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडतात आणि तो देशाच्या जलतरण फेडरेशनच्या ज्युनिअर नॅशनलला जातो. वय ३१ डिसेंबरला धरतात. तुझा जन्म डिसेंबरचा, म्हणजे त्याच साली जानेवारीत जन्मलेला पोरगा अकरा महिन्यांनी मोठा, तरी गट एकच. नंबर अशा गोष्टींवर हलतो. वेळ हलत नाही. वेळ बघ.

वेळसुद्धा नीट बघ. जिल्ह्याची वेळ २५ मीटरच्या तलावातली, स्टॉपवॉचवर घेतलेली. शंभर मीटरला तिथे भिंतीपाशी वळायचे तीन टर्न मिळतात, बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात एकच. भिंतीला पाय मारून मिळणारा वेग दोनदा कमी मिळाला, तर वेळ वाढणारच. तू संथ झालेला नाहीस.

सजन प्रकाशने २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारली. ऑलिंपिकची 'ए' पात्रता वेळ होती १:५६.४८. सेकंदाच्या दहाव्या भागाने तो थेट पात्र ठरला, असा पहिला भारतीय जलतरणपटू. त्या शर्यतीत त्याचा नंबर कितवा, हे कुणी विचारतं का?

आणि तू? शेवटच्या पाच मीटरला मान वळवून शेजारच्या लेनकडे बघतोस. हात आखडतो, बोटं भिंतीला उशिरा लागतात. शंभरदा सांगून झालं.

लहान पोरांना मी दर रविवारी पदकांच्या स्पर्धांना पाठवत नाही, म्हणून पालक चिडले, काहींनी मुलं दुसरीकडे नेली. नेऊ देत. एक मुलगी दहावीच्या ग्रेस मार्कांपुरतं पोहली आणि गेली. तिच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या वेळा माझ्या वहीत आहेत, दर महिन्याला उतरत गेलेल्या. ते पान उघडलं की अजून जिवाला लागतं. तिच्या घरच्यांना फक्त सर्टिफिकेट दिसलं. मी हट्टी आहे असं म्हणतात. या बाबतीत हट्टीच राहणार. आपल्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये तलावावर पाय ठेवायला जागा नसते आणि थंडीत पाणी गारठतं. सराव तुटत राहतो. अशा वेळी वही नसेल, तर आपण पुढे गेलो की मागे, हे कळणार कसं?

सोमवारी साडेपाचला ये. बालेवाडीचे दोन्ही पन्नासचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक पन्नास मीटरची वेगळी वेळ, लिहून आण. दुसऱ्या पन्नासला किती सेकंद मागे पडलास ते पाहू. पुढच्या महिन्यातल्या त्या निमंत्रितांच्या स्पर्धेला तू जाणार नाहीस. बाबा नाराज होतील, त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
सर