बरोच्या पुढचे पाच जण: अर्ध्या मोसमाचा हिशेब

हा हिशेब नोव्हेंबर २०२२ मधला. या आठवड्यात एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, सिनसिनाटी बंगाल्सना सुट्टी आहे. नऊ सामने झाले, त्यांतले पाच जिंकले, चार हरले. यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत: पास फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो, त्याच्या पुढे उभे राहणारे ते पाच धिप्पाड गडी, म्हणजेच फळी. लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स, लेफ्ट गार्ड कॉर्डेल व्होल्सन, सेंटर टेड कॅरस, राइट गार्ड ॲलेक्स कॅपा आणि राइट टॅकल लाएल कॉलिन्स (टॅकल कडेचे, गार्ड आतले, सेंटर मधोमध). एरवी यांची नावं फक्त फाउल झाला की कानावर पडतात, त्यामुळे मला मनापासून बरं वाटलं.

सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, हरल्यावर मार्चमध्ये संघाने फळीवर एवढा पैसा ओतला. तरी सप्टेंबरमध्ये पहिल्या दोन सामन्यांत बरो १३ वेळा आडवा झाला. गेल्या वर्षीपेक्षा ही फळी खरंच बरी आहे, की नुसतीच महाग? (कोथरूड, पुणे)

बरी आहे. पण आधी गेलं वर्ष काय होतं ते आठवा. २०२१ च्या मोसमात बरोचे ५१ सॅक झाले, म्हणजे पास फेकायच्या आधीच तो चेंडूसकट पाडला गेला; लीगमध्ये सर्वांत जास्त. प्लेऑफमध्ये आणखी १९. त्यातले नऊ एकट्या नॅशव्हिलच्या सामन्यात, आणि तो सामना बंगाल्सनी जिंकला हे आजही पटत नाही. फेब्रुवारीत सुपर बोलला सात. शेवटचं दृश्य तर विसरताच येत नाही. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा आहे, आणि लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड लेफ्ट गार्ड क्विंटन स्पेनला बाजूला सारून बरोला कमरेत धरून गरकन फिरवतो. बरो पडता पडता चेंडू भिरकावतो आणि खेळ खलास. २३-२०.

त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पाचांपैकी आज आपल्या जागेवर एकटा विल्यम्स उरला आहे. कॅपा टँपाहून आला, कॅरस न्यू इंग्लंडहून, डॅलसने सोडलेल्या कॉलिन्सला उचललं आणि व्होल्सन ड्राफ्टच्या (कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) चौथ्या फेरीत मिळाला. म्हणजे पाचात चार नवे. जुलैच्या अखेरीस बरोचं अपेंडिक्स काढलं. कॉलिन्स पाठदुखीमुळे सराव शिबिराचा बराचसा काळ बाहेर होता. प्रीसीझनच्या सामन्यांत हे पाच जण एकत्र उतरलेच नाहीत. थोडक्यात, यांची रंगीत तालीम पिट्सबर्गविरुद्ध भर प्रयोगात झाली. सात सॅक. पुढच्या आठवड्यात डॅलसला सहा.

त्यानंतरच्या पाच सामन्यांत मिळून या तेरापेक्षा कमी सॅक झाले. माणसं तीच, जागा त्याच. मैदानावरची ओळख एवढी महत्त्वाची असते. फळीचं मूल्यमापन करताना मी मोसमाच्या पहिल्या तीन आठवड्यांना अर्धंच वजन देतो. ते तसं का द्यायचं नाही, असं कोणी पटवून दिलं तर ऐकायला तयार आहे.

टीव्हीवर प्रत्येक सॅकनंतर समालोचक फळीच्या नावाने ओरडतात. आमच्या घरी यावरून दर रविवारी वाद. सॅक कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे ठरवायची काही पद्धत आहे का? (मेसन, ओहायो)

आहे, आणि ती घरबसल्या करता येते. रिमोट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढंच लागतं.

पहिल्यांदा वेळ मोजा. स्नॅपपासून, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणापासून, अडीच सेकंद ही ढोबळ लक्ष्मणरेषा समजा. ईएसपीएन पास-ब्लॉकचं जे गणित मांडतं, त्यातही ब्लॉक अडीच सेकंद टिकला तर तो ब्लॉकर जिंकला असं धरतात. बरो साडेतीन सेकंद चेंडू हातात धरून उभा असेल आणि मग सापडला, तर फळीने आपलं काम केलेलं असतं.

दुसऱ्यांदा तोच खेळ मागे नेऊन बरोचे पाय पाहा, कारण इथे पुष्कळ जण फसतात. टॅकलचं काम बाहेरून येणाऱ्या रशरला (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला) थांबवणं एवढंच नसतं. तो त्याला मोठा वळसा घालायला लावतो आणि क्वार्टरबॅकच्या पाठीमागून पुढे काढून देतो. हे सगळं क्वार्टरबॅक स्क्रिमेजपासून (खेळ सुरू होतो त्या रेषेपासून) सातेक यार्डांवर उभा आहे या हिशेबाने चालतं. तो घाबरून किंवा हौसेने दहा यार्ड मागे सरकला, तर टॅकलने इमानदारीने वाट दाखवलेला रशर नेमका त्याच्या अंगावर जातो. आणि चारचौघांत टॅकलची लाज निघते.

तिसऱ्यांदा मोकळा कोण सुटला ते बघा. कोणीच हात न लावलेला रशर आत आला असेल, तर तो बहुतेक वेळा मोजणीचा घोळ असतो. स्नॅपआधी कोण कोणाला घेणार हे सेंटर, क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक मिळून ठरवतात. त्यातलं कोणीतरी चुकलेलं असतं.

या तिन्ही चाळण्यांतून उरेल तो सॅक बिनदिक्कत ब्लॉकरच्या नावावर लिहा.

पहिल्या दोन सामन्यांतल्या सॅकना मी ही चाळणी लावली. प्रतिस्पर्ध्यांनी दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवले होते. पास झेलणाऱ्या जमार चेसला लांब पास द्यायचा म्हणून बरो वाट बघत राहिला, आणि लांबच्या दारावरच कुलूप होतं. माझ्या मते त्यातले बरेच सॅक अर्धे-अर्धे वाटून घ्यावे लागतील. बरोचा हा स्वभावच आहे. खेळ जिवंत ठेवायला तो मार खातो. त्याच स्वभावाने तो नॅशव्हिलला जिंकला, हेही खरं. तेव्हा मेसनकरांनो, वाद चालू ठेवा. दोघांचंही बरोबर आहे.

शॉटगनचं एवढं कौतुक का चाललंय? क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा राहिल्याने गार्ड-टॅकल जास्त ताकदवान कसे होतील? (नाशिक)

ताकदवान होत नाहीत, पण त्यांचा चेहरा झाकला जातो. बंगाल्स सुरुवातीच्या आठवड्यांत पत्ते उघडे टाकून खेळत होते. बरो सेंटरच्या पाठीला चिकटून उभा राहिला की बहुतेक वेळा चेंडू रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, जो मिक्सनच्या हातात जायचा. मागे शॉटगनमध्ये उभा राहिला की पास. बचाव करणाऱ्याला आणखी काय हवं? स्नॅप व्हायच्या आधीच त्याचा पाय उचललेला असायचा. अशा वेळी गार्डने कितीही जोर लावला तरी तो उशिराच पोचतो. मिक्सनला दर धावेमागे मिळणारे यार्ड पाहून लोक मिक्सन संपला म्हणू लागले होते.

बाल्टिमोरला १९-१७ हरल्यानंतर मुख्य प्रशिक्षक झॅक टेलर यांनी डावच बदलला. न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यापासून जवळपास सगळंच शॉटगनमधून, धावही तिथूनच आणि पासही तिथूनच. कॉलेजात, एलएसयूमध्ये, बरो याच मांडणीत वाढला. पुढच्या आठवड्यात अटलांटाविरुद्ध त्याने ४८१ यार्ड फेकले.

पण फळीसाठी खरी गंमत परवाच्या सामन्यात आहे. पँथर्सविरुद्ध ४२-२१, हाफटाइमला ३५-०. मिक्सनचे २२ धावांत १५३ यार्ड आणि पास धरून पाच टचडाउन, हा संघाचा विक्रम. त्याचा पहिला हाफ पुन्हा लावा आणि चेंडूऐवजी मधल्या तिघांकडे बघा. गार्ड आणि सेंटर खांद्याला खांदा लावून समोरच्या संघाच्या टॅकलला (बचावातल्या मधल्या गड्याला) ढकलतात. दोघांच्या कंबरा चिकटलेल्या, दोघांची नजर मात्र त्याच्यावर नाही, मागच्या रांगेतल्या लाइनबॅकरवर. लाइनबॅकर ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूचा ब्लॉकर सुटतो आणि त्याला जाऊन भिडतो. दुसरा टॅकलला एकटाच पेलतो. सुटायची ती वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तर एक तर टॅकल मधून घुसतो, नाहीतर लाइनबॅकर मिक्सनला वाटेतच गाठतो. सप्टेंबरमध्ये हे तिघं एकमेकांना शोधत होते. परवा शोधत नव्हते.

हो, पँथर्स म्हणजे ऑक्टोबरमध्येच कोचला घरी पाठवून बसलेला संघ, हे मीही विसरलेलो नाही. त्यामुळे गूळ जरा जपूनच वाटा.

पाचही जणांना मार्क द्या. आढेवेढे नकोत. (एडिसन, न्यू जर्सी)

कॅपाला दहापैकी साडेसात, फळीतला सर्वांत भरवशाचा माणूस. हम्बोल्ट स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजातून आलेला. त्या कॉलेजाने नंतर फुटबॉलच बंद करून टाकलं, हा मुलगा मात्र टिकला. कॅरसला सात. अंगाने कोणाला उडवून लावणारा नाही, पण समोरचा काय करणार हे स्नॅपआधी ओळखून बाकीच्यांना सांगणारा. न्यू इंग्लंडमधल्या दोन सुपर बोल-विजेत्या अंगठ्या उगाच मिळत नाहीत.

विल्यम्सला साडेपाच. इथे माझ्यावर दगड येणार हे माहीत आहे. २०१९ मध्ये पहिल्या फेरीत अकराव्या क्रमांकावर निवडलेल्या लेफ्ट टॅकलकडून मला जास्त हवं होतं. वेगवान रशर बाहेरून आला की त्याचे पाय वेळेवर सरकतात, पण छातीवर जोराचा धक्का बसला की तो टाचांवर जातो. बाल्टिमोरला त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली आणि पुढच्या आठवड्यात हा गडी पुन्हा उभा होता. अर्धा मार्क त्यासाठी.

कॉलिन्सला पाच. रन-ब्लॉकमध्ये अजून दांडगा, पासच्या वेळी मात्र पाठ कुरकुरत असावी असं वाटायला लावणारा.

व्होल्सनवर मात्र मी थोडा रेंगाळणार. नॉर्थ डकोटातल्या बाल्फर नावाच्या इवल्याशा गावचा हा मुलगा नॉर्थ डकोटा स्टेटकडून खेळला, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर. शिबिरात त्याने जॅक्सन कारमनला मागे टाकून जागा पटकावली. कारमन तर आदल्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड! व्होल्सन चुकतो, चांगलाच चुकतो. हात उशिरा येतात, मग समोरचा त्याच्या काखेखाली शिरतो. पण दुसऱ्यांदा तीच युक्ती त्याच्यावर फारशी चालत नाही, आणि नवख्या माणसात मी हीच गोष्ट बघतो. आजचे सहा. डिसेंबरला विचारा, बहुधा वाढवीन.

ड्राफ्टमध्ये चेसऐवजी टॅकल पेनेई सिऊल घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता ना? (मडगाव)

नाही. सिऊल डेट्रॉइटमध्ये उत्तम खेळतोय आणि तरीही नाही. चेसने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड कमावले आणि संघ सुपर बोलला गेला. एक टॅकल आणून बाकीच्या चार जागांची भोकं बुजली नसती. हा वाद मी दोन वर्षं ऐकतोय, आता पुरे.

क्लीव्हलंडचा सामना बघायला मंगळवारी पहाटे पावणेसहाला उठलो आणि ३२-१३ चा मार बघितला. फळी सुधारली म्हणता, मग पाच सॅक कसे? (सांगली)

तुमच्या झोपेचं वाईट वाटलं. त्या रात्री कमरेच्या दुखापतीमुळे चेस नव्हता, त्यामुळे झटपट चेंडू द्यायला बरोकडे पहिलं गिऱ्हाईकच नव्हतं. शिवाय समोर क्लीव्हलंडचा रशर मायल्स गॅरेट. त्याला संघ एका जागी उभाच ठेवत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी थेट गार्डच्या डोक्यावर.

या फळीची दुखरी नस तिथे दिसली: स्टंट. बाहेरचा रशर एकदम आत कापतो आणि आतला त्याच्या मागून वळसा घालून बाहेर येतो. अशा वेळी टॅकलने आपला माणूस गार्डच्या ताब्यात द्यायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. आपल्याच माणसाच्या मागे धावलं की मध्ये दार उघडतं. तुम्ही सांगलीचे, कबड्डी बघितलेली असणार. साखळीतल्या एकाने घाई करून झेप घेतली की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्होल्सन आणि विल्यम्स यांच्यामधली देवाणघेवाण अजून कच्ची आहे. फळीचे प्रशिक्षक फ्रँक पोलॅक या सुट्टीत एवढंच घोटून घेतील तरी खूप झालं.

१ नोव्हेंबरला अदलाबदलीची मुदत संपली आणि संघाने एकही टॅकल घेतला नाही. हलगर्जीपणा? (ठाणे)

चांगला टॅकल मोसमाच्या मध्यावर कोणी विकत नाही. विकायला निघालेला का निघालाय, हा प्रश्न आधी विचारावा. आणि आलाच असता, तरी त्याला बाकीच्या चौघांशी बोली जुळवायला पुन्हा महिना लागला असता. सप्टेंबर आपण पाहिला.

मला काळजी वेगळीच आहे. नऊच्या नऊ सामन्यांत याच पाच जणांनी सुरुवात केली. एवढ्या मारामारीच्या खेळात हे नशीबच म्हणायचं. बाकावर हकीम अडेनिजी आहे, ज्याने सुपर बोलमध्ये राइट गार्डला सुरुवात केली होती. कारमन आहे आणि ह्यूस्टनने सोडल्यावर उचललेला मॅक्स शार्पिंग आहे. यांच्यापैकी एकाला उतरवायची वेळ आली तर निभेल. दोघांना एकदम उतरवावं लागलं तर काय, हे मी रात्री झोपताना मुद्दाम आठवत नाही.

पुढचा सामना २० नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये, आपल्याकडे सोमवारी पहाटे. पिट्सबर्गचा रशर टी. जे. वॉट पहिल्या आठवड्यात याच बंगाल्सविरुद्ध छातीचा स्नायू दुखावून बाहेर गेला होता, आता परतायच्या बेतात आहे. तो बहुतेक वेळा आपल्या उजव्या टॅकलसमोर उभा राहतो. तेव्हा पहिल्या दहा-बारा स्नॅपना चेंडूकडे बघू नका. ७१ नंबरच्या जर्सीकडे बघा आणि मला लिहा, कॉलिन्सचे पाच मार्क बरोबर होते की कसे.